आजोबा शोधायला आलेला पावणा

“काय हरवलंय?”

मी विचारलं तसा तो दचकून उभा राहिला. डोक्याला काळी टोपी, अंगात शहरी कोट, आणि धोतर मात्र गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. हस्ताचा पाऊस पहाटे झोडपून गेला होता. तेर गावच्या वेशीबाहेरच्या टेकाडावर कोवळं ऊन पडलं होतं, आणि हा अनोळखी माणूस तिथं उकिडवा बसून बोटांनी माती उकरत होता.

“आजोबा,” तो म्हणाला.

“आँ?”

“माझे आजोबा हरवलेत. त्यांनाच शोधतोय.”

मी कमरेवरची भाजीची पाटी सावरली. वेड्या माणसाशी बोलत थांबू नये, एवढं मला कळत होतं. पण त्याचे डोळे वेड्याचे नव्हते… हसरे होते, जरा थकलेले होते.

“एवढे बारीक हायत व्हय तुमचे आजोबा? मातीत सांडण्याइतके?”

“हरवले तेव्हा बारीकच होते की! पाचेक वर्षांचे.”

त्यानं कॉलर सैल करून गळ्यातला काळा दोरा दाखवला. दोऱ्यात एकच मणी होता. “हा त्यांच्या गळ्यात होता. पाऊस पडून गेला की आमच्या गावात मातीतून मणी वर येतात, असं ते सांगायचे. गावाचं नाव मात्र आठवायचं न्हाई त्यांना. बार्शीत एक जण म्हणाला, असे मणी तेरला सापडतात.”

“मग बरोबर आलात,” मी म्हणाले. टेकाडावरचे मणी वेचतच तर आम्ही सगळी लहानाची मोठी झालो. “पर असं उकरून सापडत न्हाईत ते. मान वर करायची, लांब बघायचं. कुठं चमकलं की तिकडं धावायचं.”

त्यानं शहाण्या मुलासारखी मान वर केली. लांब बघितलं… मग जरा जवळ बघितलं.

“चमकलं!”

“कुठं?”

“तुमच्या नाकात.”

माझा हात आपोआप नाकातल्या चमकीकडं गेला. बोलून तो स्वतःच इतका लाजला की मला रागवायचं सुचलंच नाही. मी पाटी घट्ट धरली आणि तरातरा टेकाड उतरले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. वेशीपाशी एकदाच बघितलं — तो अजून तिथंच उभा होता, चिखलात.

त्या दिवशी तिन्हीसांजेला अप्पा पेठेतलं धान्याचं दुकान बंद करून आले ते त्यालाच बरोबर घेऊन.

“सोलापूरचे शिवशरण,” अप्पांनी माझ्या आईला, अव्वाला, सांगितलं. “कापडाच्या पेढीवर असतात. आपल्यातलेच हायत. चावडीत कशाला झोपतील? भाकरी जास्तीच्या टाक.”

माझे अप्पा, महालिंगप्पा, बाहेर कडक म्हणून प्रसिद्ध होते. पण पावणा दिसला की त्यांचा कडकपणा कुठं जायचा कोण जाणे. ओसरीवर कांबळं अंथरलं गेलं. मी आत चुलीपाशी, पण कान सगळे बाहेर.

शिवशरण सांगत होता. बार्शीकडचा मुलूख इंग्रजांचा, आमचा निजामाचा. मधल्या नाक्यावर शिपायानं अडवलं — “क्या काम है?” यानं सांगितलं, “दादा को ढूंढने आया हूं.” शिपायानं विचारलं, “कब गुमे?” हा म्हणाला, “सत्तर साल हुए होंगे.” शिपाई इतका हसला, की पेटी उघडून बघायचंच विसरला. अप्पाही पोट धरून हसले. मग शिवशरणचा आवाज हळूहळू खाली आला.

त्याच्या आजोबांचं नाव माणिकप्पा. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांची आई त्यांना हाताला धरून इंग्रजी मुलखात तळ्याच्या कामावर घेऊन गेली होती. आई तिथंच तापानं गेली. सोलापूरच्या एका कापडवाल्यानं पोराला उचलून घरी नेलं, वाढवलं. माणिकप्पांनी जन्मभर त्या पेढीवर कापडाच्या घड्या घातल्या. लग्न केलं, मुलं शिकवली. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र नातवाचा हात धरून म्हणाले, “माझं गाव शोध. आपलं कुणी असेल तर एवढंच सांग — माणिक जगला.”

अव्वानं पदरानं डोळे टिपले.

“आणखी काय सांगायचे?” अप्पांनी विचारलं.

“घराच्या परसात एक दगडी नंदी होता म्हणायचे. एक कान तुटलेला. त्याच्यावर बसून ते भाकरी खायचे. आईचं नाव काही आठवायचं न्हाई… आई म्हणूनच आठवायची.” शिवशरण थांबला. मग हसून म्हणाला, “आमच्या घरात सोयरीक जमायची पंचाईत आहे बघा. पावणे विचारतात, मूळ घराणं कुठलं? आमचं उत्तर, ठाऊक न्हाई. मग ते चहा पिऊन जातात ते परत येत न्हाईत.”

हे बोलताना त्यानं दाराकडं बघितलं नाही. मी मात्र दाराच्या फटीतून त्याच्याकडं बघत होते… आणि न आलेल्या त्या पावण्यांचे मनातल्या मनात आभार मानत होते. कशासाठी, ते माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून शोध सुरू झाला. तो पारावरच्या, देवळातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडायचा. पण लोकांच्या परसात परक्या पुरुषाला कोण सोडणार? ते काम अप्पांनी माझ्यावर टाकलं. मी कुणाकडं विरजण मागायच्या निमित्तानं, कुणाकडं कढीपत्त्याच्या निमित्तानं जायची, परस बघून यायची. संध्याकाळी ओसरीच्या खांबाला टेकून सगळी हकिकत सांगायची. अव्वा जवळच शेंगा फोडत बसलेली असायची.

“आज एक नंदी सापडला,” मी सांगायची.

“खरंच?”

“पर दोन्ही कान शाबूत.”

“मग एक तोडून या की. माझं काम होईल.”

“शिव शिव! पाप लागंल.”

“पाप निम्मं माझ्या नावावर टाका.”

“का? सगळंच का न्हाय?”

“निम्मं तुमच्याकडं राहू द्या,” तो हळूच म्हणायचा, “काहीतरी… दोघांचं असलेलं बरं.”

अव्वाच्या हातातली शेंग फट्टकन् फुटायची आणि आम्ही दोघं गप्प व्हायचो.

त्याला कापडातलं भलतंच कळायचं. एकदा मी पाणी ठेवायला वाकले तर म्हणाला, “हे इरकल लुगडं काठाला उसवलंय. बाहेरून न्हाई, आतून टाका घाला, दिसणार न्हाई.” रात्री मी मुद्दाम बाहेरून टाका घातला. सकाळी त्यानं बघितलं, ओठ दाबून हसला. त्या हसण्यावर माझा अख्खा दिवस निघाला.

गावातली परसं संपत आली. नंदी काही मिळेना. आणि मला — खरं सांगते — तो मिळायला नको होता. मिळाला की हा जाणार. नाही मिळाला तरी जाणारच… पण जरा उशिरा.

मग एका रात्री पुन्हा जोरदार पाऊस झाला. सकाळी मी आमच्याच परसात धुणं घेऊन बसले. तिथला धुण्याचा दगड माझ्या जन्माआधीपासूनचा, सपाट, गुळगुळीत, निम्मा मातीत रुतलेला. रात्रीच्या पाण्यानं त्याच्या कडेची माती वाहून गेली होती. खाली काहीतरी गोल वळलेलं दिसलं. मी हातानं चिखल बाजूला केला. शिंग… मग कपाळ… मग एक कान. आणि दुसऱ्या कानाच्या जागी नुसता खडबडीत तुकडा.

पालथा घातलेला नंदी! सगळ्या गावाची परसं धुंडाळली, आणि जन्मभर मी त्याच्याच बुडावर धुणं आपटत होते!

आधी हात जोडले, क्षमा मागितली. मग आनंद झाला. आणि मग एकदम लक्षात आलं. हा नंदी आमच्या घरातला. म्हणजे माणिक आमच्या घरातला. म्हणजे शिवशरण…

क्षणभर वाटलं, माती परत ओढावी. कुणाला काय कळणार होतं? पण मग डोळ्यांपुढं एक म्हातारा आला, नातवाचा हात धरून ‘सांग, माणिक जगला’ म्हणणारा. मी तशाच ओल्या हातांनी ओसरीवर गेले.

“सापडला,” मी म्हणाले. “आमच्यातच.”

अप्पांनी आणि शिवशरणनं मिळून नंदी सुलटा केला, धुतला. अप्पा किती तरी वेळ त्याच्या तुटक्या कानावर बोट फिरवत राहिले.

“माझे वडील सांगायचे,” ते म्हणाले, “दुष्काळात घरातलं एक लेकरू नाहीसं झालं. माझे आजोबा, बंडप्पा, तो विषय निघाला की उठून जायचे. म्हणून कुणी विचारायचं न्हाय… ते लेकरू मेलं असंच आमी धरून चाललो.”

शिवशरणनं हात जोडले.

“माणिक जगला,” तो म्हणाला. “जगला, अप्पा. म्हातारा होऊन गेला. नातवंडं बघून गेला.”

अप्पांनी त्याला मिठी मारली. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. अव्वा रडत होती, मीही रडत होते. मग अप्पांनी डोळे पुसले आणि आनंदानं माझ्याकडं वळले.

“अगं सुगले, हा आपल्याच वंशाचा! आपल्याच रक्ताचा! तुला भाऊ न्हवता — शिवानं दिला बघ. दादा म्हण त्याला, दादा!”

“यंदा भाऊबीजेला ओवाळायचं,” अव्वा म्हणाली.

शिवशरणच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं विझलं. मी वाकून धुण्याची बादली उचलली.

संध्याकाळी तो परसात नंदीपाशी बसला होता. मी तुळशीला पाणी घालायला गेले. कधी नव्हे ते पाणी बराच वेळ घातलं.

“अप्पांनी सांगितलंय,” तो खाली बघून म्हणाला.

“ऐकलंय म्या.”

“मग?”

“मला… जमणार न्हाय.”

त्यानं नंदीच्या पाठीवरून हात फिरवला. “मलाही न्हाई जमायचं,” म्हणाला. “गंमत बघ, सुगला. आपली माणसं मिळावीत म्हणून इथवर आलो. मिळाली. आणि आता वाटतं, परकाच राहिलो असतो तर…”

पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता. पुढचं त्यानं बोलू नये असं वाटत होतं, आणि बोलावं असंही वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, “उद्या दुपारच्या गाडीनं निघतो.”

सकाळी अव्वानं मला मणेर आळीत पिटाळलं. दिवाळीच्या बांगड्या भरायच्या होत्या — भाऊबीजेला हात भरलेला हवा म्हणे! तिथली अजीजाबी ऐंशीच्या घरातली. गावातल्या साऱ्या लेकीसुनांचे हात तिनंच भरलेले. नातवाकडं, मकबूलकडं, धाराशिवला गेली होती, ती आदल्या दिवशीच परतली होती.

“हात ढिला सोड गे,” ती म्हणाली. “क्या हुआ? बांगड्या भरताना कुणी रडतं व्हय?”

“भाऊ मिळाला मला, अजीजाबी.”

“भाई मिला तो हसते, बेटा!”

मग मी सगळं सांगितलं. सोलापूर, माणिकप्पा, नंदी, गळ्यातला मणी. बोलता बोलता लक्षात आलं, अजीजाबीचे हात थांबलेत.

“मणी,” ती सावकाश म्हणाली. “लाल हाय? उसपे सफेद रेघ?”

रेघेचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

“तुमाला कसं ठाऊक?”

“म्याच बांधला व्हता. त्या पोराच्या गळ्यात. टेकाडावर मला सापडलेला.”

भिंतीला टेकून, माझा हात तसाच हातात धरून ती बोलायला लागली. बंडप्पाला एक बहीण होती, सिद्धम्मा. येरमाळ्याला दिलेली. दुष्काळात तिचा नवरा गेला, तशी ती पोराला घेऊन भावाकडं आली. माणिक तिचा. इकडं बंडप्पाचंही लेकरू पाळण्यात होतं. आईला दूध नव्हतं, ज्वारीच्या पेजेवर ते कसंबसं तग धरून होतं. आणि घरातली ज्वारी तळाला गेली होती.

“एक दिन सबेरे नदीवर मला दिसली. पोराचा हात धरलेला. म्हणली, अजीजा, आमी जातो. पाळण्यातल्याला चालता येत न्हाई, माझ्या माणिकला येतं. म्हणून आमीच गेलेलं बरं. बंडूला सांगू नको, मागं येईल.” अजीजाबीनं डोळे मिटले. “मी बारकी पोरगी. क्या बोलती? दोरा काढला, त्याच्या गळ्यात बांधला. बंडप्पा लई हिंडला त्यांच्यासाठी. नंदी त्यानंच पालथा घातला… पोराची जागा रोज दिसायची ना.”

“मग इतकी वर्षं तुम्ही बोलला न्हाईत?”

“वचन दिलं व्हतं. बंडप्पा गेला, फिर किसको बोलना? आन् विचारलं कुणी? सिद्धम्मा लेक व्हती, बेटा. दिलेल्या लेकीचं नाव माहेरच्या गोष्टीत कोण ठेवतं?”

माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं. “अजीजाबी… म्हणजे माणिक आमच्या वंशाचा न्हवता?”

“येरमाळ्याच्या माणसाचा पोरगा तुमच्या वंशाचा कसा हुईल? भाचा व्हता तो तुमच्या घरचा.”

भाचा!

मी ताडकन् उठले.

“अगं, दुसरा हात!” अजीजाबी ओरडली. पण मी आळीच्या टोकाला पोचले होते.

दारात बैलगाडी जुंपलेली. शिवशरणची पेटी गाडीत, तो अव्वाचा निरोप घेत होता. मी धापा टाकत उभी राहिले — एक हात हिरव्यागार बांगड्यांनी भरलेला, दुसरा रिकामा.

“थांबा,” एवढंच म्हणता आलं. “अजीजाबी येतायत. त्या येईपर्यंत कुणी कुठं जायचं न्हाय.”

काठी टेकत अजीजाबी आली. ओसरीवर बसून तिनं सगळं पुन्हा सांगितलं. शिवशरणनं गळ्यातला मणी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांना लावला. शिवशरण पुटपुटला, “सिद्धम्मा… सिद्धम्मा…” आजोबांना जन्मभर न आठवलेलं आईचं नाव तो पुन्हा पुन्हा उच्चारून बघत होता.

अप्पा मात्र बोटांवर पिढ्या मोजत होते.

“पाळण्यातलं ते लेकरू,” शेवटी ते म्हणाले, “म्हणजे शरणबसप्पा. माझे वडील.”

आणि ते उठले, डोक्याचा पटका सारखा केला, आणि शिवशरणच्या पायांवर वाकले. मामानं भाच्याच्या पाया पडावं, ही आमच्याकडची रीत. पण त्या दिवशी ती नुसती रीत नव्हती.

“अप्पा, हे काय—” शिवशरण मागं सरला.

“अप्पा न्हाय. मामा म्हण.” त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. “तिनं तिच्या वाट्याचा घास मागं ठेवला, म्हणून माझा बाप जगला. म्हणून मी हाय, ही पोरगी हाय. आमाला तिचं नावसुद्धा ठाऊक न्हवतं रे… आता भाच्याला रिकाम्या हातानं कसा वाटेला लावू? काय पायजे ते माग. लाजू नको.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. कापडावर दिवसभर बोलणारा तो माणूस, नाक्यावरच्या शिपायाला हसवणारा… त्यानं टोपी काढली, परत घातली. दाराकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं.

“मामा, मला… म्हणजे तुमची… म्हणजे तुमच्याकडं…”

“अहो, मागा की!”

हे मी मनात म्हणाले असं मला वाटलं होतं. पण ते सगळ्या ओसरीनं ऐकलं. अव्वानं तोंडाला पदर लावला. अजीजाबी खो खो हसत सुटली. अप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि त्यांच्या मिशांच्या आत काहीतरी हललं.

“मामाची पोरगी मागायचा हक्कच हाय भाच्याचा,” ते म्हणाले. “गाडी सोडा रे. बैलांना वैरण टाका.”

भाऊबीजेला मी कुणालाही ओवाळलं नाही.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. सिद्धम्माच्या नावानं गावजेवण घातलं, पहिलं ताट अजीजाबीच्या घरी गेलं. येरमाळ्याला अप्पा स्वतः जाऊन आले. सिद्धम्माच्या सासरचं तिथं कुणी उरलं नव्हतं, पण त्या घराची जागा लोकांनी दाखवली. शिवशरणच्या वडिलांना आपलं मूळ घराणं कळलं, ते वयाच्या पन्नाशीत. ते ऐकून त्यांनी बराच वेळ आकाशाकडं हात जोडले होते.

वरात येडशीच्या स्टेशनाकडं निघाली. गाडीत मी नवी कोरी, ओटीत नारळ-तांदूळ, पायात जोडवी, बरोबर शिदोरीच्या तीन दुरड्या. तेर मागं पडलं. दोन्ही बाजूंना शाळू डुलत होता. आणि एकदम माझ्या मनात आलं — ती ह्याच वाटेनं गेली असणार. उपाशी, अनवाणी, पोराचा हात धरून. तेव्हा इथं हिरवं पातंही नसेल.

“गाडी थांबवा,” मी म्हणाले.

“काय झालं?” शिवशरणनं घाबरून विचारलं.

मी खाली उतरले आणि चपला काढून गाडीत ठेवल्या. धूळ अजून पहाटेची गार होती. तो क्षणभर बघत राहिला. मग काही न विचारता त्यानंही वहाणा काढल्या आणि माझ्या शेजारी येऊन चालायला लागला. गाडी मागून सावकाश येत राहिली.

“किती चालायचं?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“पाय दुखंपर्यंत.”

“आणि दुखले की?”

“तुमचे दुखले तर तुम्ही बसा गाडीत. मी चालंन.”

तो हसला. मग नव्या नवरा-नवरीनं भर रस्त्यात करू नये ते त्यानं केलं — माझा हात हातात घेतला. मागं गाडीवान मोठ्यानं खाकरला. मी हात सोडवून घेतला नाही.